अण्णांनी धरलेले उपास

त्या शनिवारी दुपारी खोलीत आम्ही पाच जण होतो. खाटेवर अण्णा. खिडकीपाशी खुर्चीत माई, त्यांची बायको. तिचं उजवं अंग गेलेलं. खालच्या मजल्यावरच्या शर्मा मावशी, हातात ओला टॉवेल घेतलेल्या. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानाचे भंवरजी, धावत आलेले, पायांत चप्पल तशीच. आणि मी, सगुणा, त्या घरची स्वयंपाकीण. अण्णांचा मुलगा नंदू बंगलोरला होता, त्याला मी धरत नाही. त्या पाचातली आज मी आणि शर्मा मावशी उरलोय, आणि मावशींना मराठी येत नाही. म्हणून मी सांगते आणि माझी नात लिहून घेते.

माझे यजमान फौजेत लांगरी होते, जवानांचा स्वयंपाक करायचे. आम्ही मूळचे कोरेगावकडचे. जयपूरला बदली झाली आणि इथंच ते गेले. दोन पोरी पदरात होत्या. गावाला जाऊन दिराच्या दारात बसण्यापेक्षा इथं चार घरचा स्वयंपाक बरा, म्हणून राहिले. शास्त्रीनगरात एक मराठी साहेब आहेत, त्यांना मराठी हातची भाकरी पाहिजे, असं कुणी सांगितलं, तेव्हा अण्णांच्या घरी गेले. तेवीस वर्षं गेले.

पहिल्या दिवशी मला खोकला येत होता. अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "हा खोकला आधीचा का नंतरचा?"

मला कळेना. माई आतून म्हणाली, "लक्ष देऊ नकोस गं. त्यांच्या ऑफिसातलं आहे ते."

अण्णा विम्याच्या ऑफिसात होते. लोक दवाखान्यात राहून आले की बिलं तिथं पाठवायचे, आणि पैसे द्यायचे का नाही ते अण्णांच्या टेबलावर ठरायचं. आजार विमा काढायच्या आधीचा असेल तर नाही, नंतरचा असेल तर हो. तीस वर्षं त्यांनी एवढंच विचारलं. मग ती सवय घरात आली. नळ गळाला, तर आधीचा का नंतरचा. दूध नासलं, तर आधीचं का नंतरचं. नंदूचं लग्न ठरलं तेव्हा पोरीबद्दलही विचारलं त्यांनी, आणि माई दोन दिवस बोलली नाही.

माणूस गोरा, बुटका, आणि पोट हे एवढं. रविवारी सकाळी कांद्याची कचोरी आणायचे, चार. दोन आपल्याला, एक माईला, एक मला. माईची अर्धी पुन्हा त्यांच्याच पानात जायची. पट्टा पोटाच्या खाली बांधायचे आणि वर म्हणायचे, माझी कंबर अजून चौतीसच आहे, बघा.

देवाधर्माचं वावडं. माई सोमवार करायची, चतुर्थी करायची, आषाढी-कार्तिकी करायची. तिच्यापुढं साबुदाण्याची ताटली आली की हे म्हणायचे, "जेवणापेक्षा जास्त खातेस आणि त्याला उपास म्हणतेस. देव काय आंधळा आहे?" आणि मग तिच्याच ताटलीतली खिचडी चमच्यानं खायचे. माई म्हणायची, सगळं ऐकून घेते, पण मरायच्या आधी एक दिवस तरी यांनी देवापुढं हात जोडावेत, बाकी काही मागणं नाही. हे मी शंभर वेळा ऐकलं असेल.

मलाही चिडवायचे. एकदा सोमवारी मला ताप होता. माईनं गोळी दिली, मी घेतली नाही. आमच्याकडं कुणीतरी सांगितलं होतं की औषधाच्या वरचं वेष्टण हाडाचं असतं. सगळ्याच गोळ्यांना नसतं ते, पण मी कुठं भेद करत बसू. उपासाला मी गोळीच घ्यायची नाही. अण्णा त्यावर महिनाभर हसले. माझं ते वागणं त्यांनी ध्यानात ठेवलं असेल, असं मला तेव्हा वाटलं नाही.

रिटायर झाले त्याच वर्षी दोघांनाही एकदमच दुखणं निघालं. डॉक्टर जयपूरचेच, म्हातारे, चांगले. मी माईला धरून नेलं होतं म्हणून मीही ऐकलं. डॉक्टर म्हणाले, "देखिए साहब, ये चार भाई-बहन हैं। पेट का घेरा, बीपी, शुगर और खून की चर्बी। एक आता है तो बाकी को बुला लेता है।" आणि आता या गोळ्या जन्मभर.

अण्णा म्हणाले, "चौघांचं एकत्र कुटुंब आणि पेन्शन माझ्या एकट्याची." डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, तरी ते हसले.

घरी येऊन अण्णांनी शिंप्याची टेप काढली. पोटाचा घेर मोजला, बेचाळीस इंच. मग टेप जमिनीपासून उभी धरून स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर बेचाळीसला पेन्सिलीनं रेघ मारली. त्या चौकटीवर नंदूच्या लहानपणच्या उंचीच्या रेघा होत्या. मला बोलावून दाखवली. "सगुणाबाई, पोरगा पाचव्या वर्षी जिथं होता तिथं माझं पोट आलं. तो उभा वाढला, मी आडवा." त्यानंतर दर महिन्याला रेघ. पोट कधी अर्धा इंच खाली, कधी वर.

रिटायर झाल्यावर ते लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, फुकट. कुणाचं बिल अडकलं, कुणाचा विमा नाकारला, की बाहेरच्या खोलीत येऊन बसायचे. एकदा एक म्हातारा आला, पागोट्यातला, टोंक गावाच्या बाजूचा. त्याच्या हातात अण्णांच्याच सहीचं जुनं पत्र होतं. बायकोला आधीपासून साखर होती म्हणून पायाच्या ऑपरेशनचे पैसे मिळणार नाहीत, असं. बायको केव्हाच गेली होती. तो भांडायला आला नव्हता. त्याला आता स्वतःलाच साखर निघाली होती, आणि साहेबांना यातलं कळतं म्हणून विचारायला आला होता. त्याला हे पत्र ज्यांनी लिहिलं तेच हे साहेब, हे माहीत नव्हतं. अण्णांनी सांगितलं. हिंदीत, नीट, समोर बसून सांगितलं की हे मीच लिहिलंय. म्हातारा बघत राहिला. मग म्हणाला, आपने तो कायदा लिखा साहब. चहा पिऊन गेला. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. माई म्हणाली, आज कुठला उपास? 

मग माईचं बीपी चढलं. सकाळी दात घासताना तोंड वाकडं झालं. दवाखान्यात सव्वा महिना होती. अण्णांकडं पॉलिसी होती, त्यांच्याच ऑफिसची, रिटायर झाल्यावर घेतलेली. पण माईचं बीपी आधीचं. मला समजावून सांगितलं त्यांनी, जिन्यात बसून. "सगुणाबाई, ही पॉलिसी माणूस आडवा झाला तरच पैसे देते. उभं राहायला लागतात त्या गोळ्यांना देत नाही. आणि आडवा कशानं झाला ते आधीचं असेल, तर तेव्हाही देत नाही. मी लिहिलेली पत्रं मला पाठ आहेत." दुर्गापुऱ्याला त्यांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता, तिथं पेरू लावायचे होते. तो गेला. बाकी साठवलेलंही बरंचसं गेलं.

माई घरी आली ती खुर्चीतच. बोलणं अर्धं तोंडातल्या तोंडात, पण मला कळायचं. तिच्या दिवसाला सात गोळ्या, अण्णांच्या सहा. गोळ्या मिठाईच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे, तिचा लाल, यांचा पिवळा. तिला गोळी ते स्वतः द्यायचे. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री नऊ. घड्याळ चुकेल पण अण्णा चुकायचे नाहीत. गोळी जिभेवर ठेवायची, पाणी पाजायचं, मग म्हणायचे, "आ कर." गिळली का बघायचे. ती लाजायची म्हातारी, माझ्यासमोर.

वर्षभरानं, पौष महिना होता, एका सोमवारी मी पोळ्या लाटायला घेतल्या तर अण्णा म्हणाले, माझ्या नकोत, मला उपास आहे.

मी लाटणं खाली ठेवलं. माई खुर्चीतून बघत होती. अण्णांनी आंघोळ करून देवापुढं निरांजन लावलं होतं, वात वाकडी लावली होती, पण लावली होती. माईच्या डाव्या डोळ्यातनं पाणी आलं. म्हणाली, "देव पावला गं, सगुणा."

मी त्या दिवशी खिचडी केली ती मन लावून. साजूक तूप, दाण्याचं कूट भरपूर, बटाटा. दोन महिन्यांनी त्यांनी गुरुवारही धरला, दत्ताचा. होळी झाली आणि शनिवार, मारुतीचा. मी त्यांना कुठल्या वाराला काय चालतं ते शिकवलं. शिंगाड्याचा शिरा, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, सगळं करून घातलं. आवडीनं खायचे. उपासाच्या दिवशी पिवळा डबा उघडायचे नाहीत. माईनं विचारलं तर म्हणाले, "सगुणाबाईंना विचार. उपासाला गोळी चालत नाही."

मी म्हटलं, हो, मी पण घेत नाही.

आणि पोट उतरायला लागलं. चौकटीवरची रेघ चाळीसवर आली, मग साडेअडतीसवर. शर्मा मावशी वर येऊन रेघा बघून गेल्या, भगवान की कृपा म्हणाल्या. माई मला रोज सांगायची, बघ, देवानं गोळ्यांशिवाय उतरवलं. अण्णा रात्री चार-पाचदा उठायचे, पाण्याचा माठ दुपारीच संपायचा. पण मे महिना होता. जयपूरच्या मे महिन्यात कुणाला तहान लागत नाही? पायाच्या अंगठ्याला चपलेचं लागलं होतं ते भरत नव्हतं. त्याला हळद लावायचे.

त्या अंगठ्यामुळं त्यांना नाक्यापर्यंत चालवेना, म्हणून गोळ्या आणायला मी गेले. भंवरजींनी कात्री घेतली. आमच्या इथं ज्याला गोळ्यांचा अख्खा पत्ता, म्हणजे पट्टी, परवडत नाही त्याला पत्ता कापून मोजून देतात. माईच्या गोळ्या महिन्याच्या पुऱ्या दिल्या. अण्णांच्या कापायला लागले. मी विचारलं, का कापताय?

भंवरजी म्हणाले, "साहब तो सत्रह दिन की ही लेते हैं। होली के बाद से।" त्याआधी कधी एकवीस, त्याआधी सव्वीस. पौषात साहेबांनी त्यांना विचारलं होतं की माझ्यातली कुठली गोळी कमी केली तर चालेल. भंवरजी म्हणाले होते, कोई नहीं चलेगी, साहब. साहेब बरं म्हणून गेले, आणि पुढल्या वेळेपासून दिवस कमी झाले. भंवरजींना वाटलं होतं, बाकीच्या दुसऱ्या दुकानातून घेत असतील.

मी दुकानाच्या पायरीवर बसले. महिन्यातले सोमवार, गुरुवार, शनिवार बोटांवर मोजले. तेरा. तिसातनं तेरा गेले.

घरी आले तेव्हा अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. गोळ्यांची पुडी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, हे उपास देवाचे नाहीत.

"हळू," ते म्हणाले. "ती जागी आहे."

"अण्णा, गोळ्या वाचवताय तुम्ही."

"तिच्या सातातली एक कमी केली, तर तिचं उरलेलं अर्धं अंगही जाईल. माझ्या सहाला एवढी घाई नाही."

मी म्हटलं, नंदूला सांगा. तर म्हणाले, त्याचे घराचे हप्ते आहेत, दोन पोरं आहेत. ऑपरेशनला एकदा पैसे मागता येतात. या गोळ्या म्हणजे दर महिन्याला मागणं आलं, आणि ते आम्ही मरेपर्यंत संपत नाही. मी म्हटलं, मग माझा पगार राहू द्या दोन महिने. तेव्हा मात्र रागावले. "आणि तुमच्या बीपीच्या गोळ्या कोण आणणार? तुमचेही तीन वार धरायचे का?"

मग म्हणाले, "चाळीस वर्षांत तिला मनासारखं काही दिलं नाही मी. हे एक दिलंय. ते काढून घेऊ नका."

मी काढून घेतलं नाही. मी गप्प बसले. तीन आठवडे मी त्या घरात गेले, माईचं देव पावल्याचं ऐकलं, आणि सोमवारी, गुरुवारी, शनिवारी खिचडी केली. निदान पोटभर खातात, असं मनाला सांगत होते. शिकलेली असते तर कळलं असतं की साबुदाणा म्हणजे साखरच. ते मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं, आणि पोट उतरत होतं तेही साखर वाढल्यानंच, हेही. म्हणजे गोळी बंद आणि वरनं मी तूप घालून साखर वाढत होते. गोळी न घेणंही माझ्याकडनंच शिकले होते ते.

तो शनिवार. सकाळी खिचडी अर्धीच खाल्ली. अकराला बघते तर खाटेवर पडलेले, श्वास मोठा, जीभ कोरडी पडलेली, हाक मारली तर डोळे उघडायचे आणि मिटायचे. मी शर्मा मावशींना बोलावलं, त्यांनी भंवरजींना. भंवरजींनी बोट टोचून साखर बघायचं यंत्र आणलं होतं. त्यावर आकडा आलाच नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली. भंवरजी म्हणाले, मशीन की गिनती के बाहर है. मग गाडीला फोन, दवाखान्याला फोन, नंदूला फोन. या सगळ्यात दोन वाजत आले.

भंवरजींनी त्यांना विचारलं, साहब, कब से ऐसा है?

अण्णांनी डोळे उघडले. "आधीचं," म्हणाले. मराठीतच म्हणाले. भंवरजींना कळलं नाही, मला कळलं.

चौघांनी चादरीत उचललं, गाडीवाले दोन आणि भंवरजी आणि खालचे शर्माजी. स्वयंपाकघराच्या दारावरून नेताना अण्णांचा हात बाहेर आला आणि चौकट धरली. ते रेघांपाशीच. चौघं थांबले. वाटलं, माईशी काही बोलायचं असेल.

मला म्हणाले, "सगुणाबाई, दोनची गोळी."

हात सुटला. ते त्यांना जिन्यानं खाली घेऊन गेले. मी लाल डबा उघडला, माईच्या जिभेवर गोळी ठेवली, पाणी पाजलं, आ करा म्हटलं. तिनं केलं. मग मी गॅलरीत धावले तर गाडी कोपऱ्यावरनं वळत होती. माईला एकटं सोडता येईना, म्हणून मी दवाखान्यात गेले नाही. सोमवारी पहाटे ते गेले. त्या दोन दिवसांचं बिल नंदूनं भरलं. भंवरजी मला म्हणाले, एवढ्यात साहेबांच्या गोळ्या कितीतरी वर्षं पुऱ्या आल्या असत्या, एकही दिवस न कापता. पॉलिसीचे पैसे मिळाले नाहीत. का ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

माई फार रडली नाही. सगळ्यांना सांगायची, सोमवारी गेले, शंकराच्या वाराला, पुण्यवान होते. तेरावा झाला. पुढचा सोमवार आला. मी सकाळी आठच्या गोळ्या घेऊन गेले तर तिनं तोंड फिरवलं. म्हणाली, आज उपास आहे. त्यांचे तिन्ही वार आता मी चालवणार, गोळीशिवाय, त्यांच्यासारखेच.

मी तिथं उभी राहिले, तळहातावर गोळ्या. त्यांनी म्हटलं होतं, काढून घेऊ नका. पण ज्याच्यासाठी त्यांनी हे केलं तेच आता ती थुंकून टाकत होती. मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. कात्री, सतरा दिवस, दारातलं बोलणं, माझं गप्प बसणं.

तिनं देव्हाऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे हात जोडलेच नाहीत त्यांनी."



तिनं तोंड उघडलं. मी गोळ्या घातल्या. पाणी पाजल्यावर, मी न सांगता, आ करून दाखवलं. त्या दिवसापासून एकही गोळी चुकवली नाही तिनं. आणि खुर्ची देवाकडं फिरव, असं जे रोज सकाळी म्हणायची, ते पुन्हा कधी म्हणाली नाही. थंडीत नंदू येऊन तिला बंगलोरला घेऊन गेला. वर्षाच्या आत तीही गेली, असा फोन आला.

घर विकायच्या आधी रंग दिला. रंगाऱ्यानं मला विचारलं, अम्मा, ये लकीरें किसकी हैं? पोटाची शेवटची रेघ साडेछत्तीसवर होती, अण्णांच्या हातची, पेन्सिल दाबून मारलेली. आम्ही त्या रेघेला पेढे वाटले होते. मी म्हटलं, बच्चे की. त्यानं त्यावरनं ब्रश फिरवला.

हे वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस एकाएकी उपास करायला लागलं, तर आनंद करा, पण आधी त्याचा गोळ्यांचा डबा उघडून बघा. आणि गोळ्या मोजा.